सापडलं नाही, म्हणजे किती?

निर्यातीच्या द्राक्षाचा रिपोर्ट हातात पडला की बागायतदाराची नजर थेट उजवीकडच्या रकान्यावर जाते. डावीकडे शेकडो रसायनांची यादी आणि समोर ओळीनं एकच शेरा : बीएलक्यू, बीएलक्यू, बीएलक्यू. मध्येच एखाद्या बुरशीनाशकासमोर आकडा असतो. तो मर्यादेच्या आत आहे एवढं बघून झालं की व्यापाऱ्याला फोन जातो, ‘रिपोर्ट क्लिअर आलाय, माल तोडायला लागूया.’ त्याच कागदावर ‘एलओक्यू’ असं डोक्यावर लिहिलेला एक रकाना असतो आणि त्याच्याकडं कुणी फिरकत नाही. हे पुस्तक त्या रकान्याविषयी आहे.

एलओक्यू म्हणजे मोजमाप-मर्यादा. एखादं रसायन किती आहे हे आकड्यानं खात्रीपूर्वक सांगता येईल अशी सगळ्यात खालची पातळी. तिच्याही खाली एलओडी, म्हणजे शोधमर्यादा असते. तिथं रसायन आहे एवढं सांगता येतं, किती आहे ते सांगता येत नाही. त्याहून खाली प्रयोगशाळेला खात्रीनं काहीच सांगता येत नाही. बीएलक्यू या शेऱ्याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. ‘असलंच तर या आकड्याच्या खाली आहे’ एवढाच होतो, आणि तो आकडा कोणता ते शेजारच्या रकान्यात लिहिलेलं असतं. तो वाचला नाही तर शेरा अर्धाच वाचला गेला.

पुस्तक औंधात लिहिलं, आणि ते ज्यांच्यासाठी लिहिलं ती बहुतेक माणसं जुन्या औंध संस्थानाच्या मुलखातली आहेत. पंतप्रतिनिधींचं हे संस्थान सलग कधीच नव्हतं. औंध खटावच्या माळावर, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या बाजूला. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी आणि कुंडल सांगलीत. कुंडलकडं द्राक्ष, आटपाडीत डाळिंब, खटावात आलं आणि बटाटा. पिकं वेगळी, पाण्याची कथा वेगळी, पण मालाचं भवितव्य आता सगळीकडं प्रयोगशाळेच्या कागदावर ठरू लागलं आहे.

१९३९ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपले अधिकार सोडून कारभार गावपंचायतींच्या हाती दिला, तेव्हा गांधीजींच्या सल्ल्यानं मताधिकाराला साक्षरतेची जोड दिली गेली. ज्याच्या हाती कारभार येणार त्याला कागद वाचता आला पाहिजे, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. अवशेषांचा रिपोर्ट हाही कारभाराचाच कागद आहे. त्यावर वर्षाची कमाई ठरते. तो वाचण्याची विद्या प्रयोगशाळेपुरती आणि निर्यातदाराच्या ऑफिसापुरती राहावी, हे मला पटत नाही.

ती तेवढ्यापुरती राहिल्याची किंमत २०१० साली मोजावी लागली. त्या हंगामात महाराष्ट्रातून गेलेली द्राक्षं युरोपात पोचली आणि तिथल्या तपासणीत त्यांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड सापडलं. आपले बागायतदार त्याला लिहोसिन म्हणतात, कुणी सीसीसी म्हणतं. खरड छाटणीनंतर वेलीचा जोर आटोक्यात राहावा आणि काडीत घड तयार व्हावेत म्हणून ते एप्रिल-मेच्या सुमारास मारायची पद्धत होती. युरोपात द्राक्षासाठी त्याची कायदेशीर मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर बंदरांत अडकले, भाव कोसळले, निर्यातदारांनी पैसे थांबवले, आणि कर्ज काढून बाग उभी केलेल्या माणसाला आपल्या मालात खोट काय निघाली हेसुद्धा नीट कुणी सांगेना. कारण त्याच्याकडं रिपोर्ट होता आणि रिपोर्ट स्वच्छ होता.

रिपोर्ट खोटा नव्हता. तपासायच्या रसायनांच्या यादीत क्लोरमेक्वॅट नव्हतंच. शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडानं २००६ साली ग्रेपनेट ही देखरेखीची व्यवस्था सुरू केली होती, बागेची नोंदणी होत होती, प्लॉटचा नमुना प्रयोगशाळेत जात होता, यादीतलं प्रत्येक रसायन काळजीनं तपासलं जात होतं. जे यादीत नाही त्याची शोधमर्यादा किती, या प्रश्नाला उत्तर नसतं. ते किलोला एक ग्रॅम असलं तरी रिपोर्टवर दिसणार नाही.

इथं एक बारकावा आहे. नुसतं यादीत नाव घालूनही काम भागलं नसतं. द्राक्षाच्या लगद्यात इथाइल ॲसिटेट घालून हलवलं की बहुतेक कीडनाशकं त्या द्रावकात उतरतात, आणि म्हणूनच एका अर्कातून शेकडो रसायनं एकदम तपासता येतात. क्लोरमेक्वॅटच्या रेणूवर कायमचा धन प्रभार असतो. ते पाणी सोडत नाही, लगद्यातच राहतं. मग यंत्र कितीही महागाचं असो, त्याच्यापर्यंत रेणू पोचतच नाही. अशा पाण्याला धरून राहणाऱ्या रसायनांसाठी आम्लयुक्त मिथेनॉलचा वेगळा अर्क करावा लागतो. श्टुटगार्टच्या प्रयोगशाळेनं बसवलेली ‘क्युप्पे’ ही पद्धत त्यासाठीच आहे. २०१० नंतर क्लोरमेक्वॅट आपल्या यादीत आलं आणि त्याची स्वतंत्र तपासणी सुरू झाली. शोधमर्यादा ही यंत्राची नसते, यंत्रासकट सगळ्या पद्धतीची असते, हे त्या एका हंगामानं जितकं पक्कं शिकवलं तितकं कुठल्याच पाठ्यपुस्तकानं शिकवलेलं नाही.

त्या ०.०५ बद्दलही बोललं पाहिजे. युरोपात गव्हाचं पीक आडवं पडू नये म्हणून हेच रसायन सर्रास मारतात, आणि गव्हासाठी तिथली मर्यादा पूर्ण मिलिग्रॅमांत मोजावी एवढी सैल होती. द्राक्षावर त्याचा वापर मान्य नव्हता, म्हणून तिथं मर्यादा म्हणून जो आकडा ठेवला तो पद्धतीला खात्रीनं मोजता येईल असा तळाचा आकडा होता. युरोपच्या मर्यादांच्या तक्त्यात अशा आकड्यांशेजारी तारांकन असतं. ज्या आकड्याला तारा आहे तो सांगतो की ही पातळी विषाच्या अभ्यासातून आलेली नाही, मोजणीच्या मर्यादेतून आली आहे. मर्यादा ओलांडलेला प्रत्येक माल माणसाला अपायकारक असतो असं नाही, आणि हे बागायतदारानं, ग्राहकानं, पत्रकारानं तिघांनीही समजून घ्यायला हवं. त्याचा अर्थ औषध कसंही मारावं असा मात्र नाही. नियम नियमच आहे, आणि माल विकायचा तर तो पाळायलाच हवा.

आता मुळाशी जाऊ. ज्या द्राक्षावर कुठलंच औषध मारलेलं नाही त्याचा अर्क यंत्रात सोडला तर उत्तर शून्य यायला हवं. ते येत नाही. विद्युत मंडलाची कुरकुर असते, द्रावकातली अशुद्धता असते, द्राक्षाच्या रसातलीच हजार द्रव्यं असतात. त्याच रिकाम्या नमुन्याची दहा मोजणी घेतली तर दहा वेगवेगळे छोटे आकडे येतात. शोधमर्यादेचा सगळा प्रश्न इथून सुरू होतो : समोर आलेला संकेत या कुरकुरीपेक्षा किती मोठा असला म्हणजे ‘काहीतरी आहे’ असं म्हणायचं?

जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख कायझर यांनी १९४७ साली या प्रश्नाला संख्याशास्त्राची शिस्त लावली. रिकाम्या नमुन्याच्या आकड्यांचा विखुरलेपणा, म्हणजे प्रमाण विचलन, मोजायचं आणि त्याच्या पटीत मर्यादा ठरवायची. पुढं १९६८ साली अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या लॉइड करी यांनी तोवर प्रचारात असलेल्या वेगवेगळ्या व्याख्या एकाच मोजणीला लावून पाहिल्या. उत्तरांत जवळजवळ हजारपट फरक निघाला. एकच नमुना, एकच उपकरण, आणि ‘आम्हाला इतकं बारीक दिसतं’ हा दावा हजारपट कमीजास्त. करींनी मग तीन रेषा वेगळ्या केल्या. पहिली निर्णयरेषा, दुसरी शोधमर्यादा, तिसरी मोजमाप-मर्यादा. रिकाम्या नमुन्याची वर्तणूक चांगली माहीत असेल तर त्या प्रमाण विचलनाच्या अनुक्रमे सुमारे १.६५, ३.३ आणि १० पट येतात.

पहिल्या दोन रेषा वेगळ्या का, हे विद्यार्थ्यांना लवकर उमगत नाही. निर्णयरेषा आपल्याला खोट्या आरोपापासून वाचवते. रेषेच्या वर संकेत गेला तरच ‘आहे’ म्हणायचं, म्हणजे औषध नसलेल्या शंभर नमुन्यांतले पाचच चुकून दोषी ठरतात. पण ज्या नमुन्यात औषध बरोबर त्या रेषेइतकंच आहे त्याचं काय होतं? कुरकुरीमुळं त्याचा संकेत अर्ध्या वेळा रेषेच्या वर जातो, अर्ध्या वेळा खाली. म्हणजे शंभरातले पन्नास नमुने सुटतात. सुटण्याचं प्रमाणही पाचवर आणायचं तर औषधाची पातळी रेषेच्या दुप्पट असावी लागते. ती शोधमर्यादा. निर्दोष माल अडकू नये आणि दोषी माल निसटू नये, या दोन्ही बाजू तिनं सांभाळलेल्या असतात. बागायतदाराला पहिली बाजू महत्त्वाची वाटते, खाणाऱ्याला दुसरी. म्हणून एकाच टोकाकडून ठरवलेल्या मर्यादेवर माझा विश्वास बसत नाही.

एक काल्पनिक उदाहरण कागदावर करून पाहू. रिकाम्या द्राक्षाच्या अर्काचं प्रमाण विचलन आलं ४ एकक. औषध किलोला एक मायक्रोग्रॅम वाढलं की यंत्राचा संकेत १२ एककांनी वाढतो. तर शोधमर्यादा ३.३ गुणिले ४ भागिले १२, म्हणजे किलोला १.१ मायक्रोग्रॅम. मोजमाप-मर्यादा १० गुणिले ४ भागिले १२, म्हणजे ३.३ मायक्रोग्रॅम. आता शेजारच्या प्रयोगशाळेनं नवं यंत्र घेतलं. तिथं एका मायक्रोग्रॅमला संकेत १२० एककांनी वाढतो. दहापट. पण त्या यंत्राची कुरकुरही दहापट आहे, विचलन ४० एकक. गणित करा : शोधमर्यादा तीच, १.१ मायक्रोग्रॅम. पैसे गेले, संकेताची शिखरं पडद्यावर उंच दिसू लागली, आणि पहिल्यापेक्षा एक कणही जास्त दिसत नाही.

ते १२ किंवा १२०, म्हणजे औषध वाढेल तसा संकेत किती वाढतो हे दाखवणाऱ्या प्रमाणरेषेचा चढ, त्याला संवेदनक्षमता म्हणतात. शोधमर्यादा म्हणजे तो चढ आणि कुरकूर यांचा हिशेब. या दोन गोष्टींची गल्लत इतकी रुळलेली आहे की यंत्र विकणाऱ्यांची माहितीपत्रकंही तिच्यावर चालतात. द्रव-वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटमापन जोडलेल्या यंत्राची, म्हणजे बोलीत एलसीएमएसची, ताकद सांगायला जगभर रिसर्पिन हे द्रव्य वापरतात. ते मूळचं आपल्या सर्पगंधेच्या मुळीतलं. एक पिकोग्रॅम रिसर्पिनला संकेत कुरकुरीच्या किती हजारपट येतो, असा तो आकडा असतो. पण रिसर्पिन असतं शुद्ध द्रावकात, आणि आपल्याला तपासायचा असतो द्राक्षाचा चिकट गोड अर्क, डाळिंबातली टॅनिनं, हळदीचं तेल. यंत्र खरेदीच्या बैठकीत बसणाऱ्यांनी विक्रेत्याला एकच सांगावं : आमच्या फळाच्या अर्कात, आमच्या मर्यादेवर, आमच्या समोर चालवून दाखवा.

प्रयोगशाळेच्या टेबलावर काय घडतं ते जवळून पाहिलं की आकडे अंगात भिनतात. प्लॉटमधून आणलेले घड मिक्सरमध्ये वाटून एकजीव करतात. त्या लगद्यातले फक्त १० ग्रॅम नळीत घेतात. त्यात १० मिलिलिटर इथाइल ॲसिटेट आणि पाणी शोषून घ्यायला १० ग्रॅम सोडियम सल्फेट. नळी जोरात हलवायची, मग अपकेंद्री यंत्रात फिरवायची. लगदा तळाला बसतो, वर फिकट हिरवट द्रव राहतो. आम्लं आणि रंग काढून टाकायला त्यात पीएसए नावाची बारीक पांढरी पूड घालतात. स्वच्छ झालेला २ मिलिलिटर द्रव नायट्रोजनच्या हलक्या झोतात वाळवतात आणि मिथेनॉल-पाण्यात परत तेवढाच विरघळवतात. म्हणजे यंत्रात जाणाऱ्या द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम द्राक्ष आहे. त्यातले ५ मायक्रोलिटर यंत्रात टोचले जातात. जिथं स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही अशा रसायनाला युरोपचा नियम किलोला ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लावतो. द्राक्षात तेवढंच औषध असेल तर टोचलेल्या थेंबात ते ५० पिकोग्रॅम भरतं. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग.

उलट बाजूनंही मोजून पाहा. निर्यातीच्या मोठ्या कंटेनरात साधारण १३ टन द्राक्षं मावतात. त्या सगळ्या मालात मिळून ०.०१ च्या हिशेबानं औषध असेल १३० मिलिग्रॅम. तापावर घेतो त्या ५०० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलच्या गोळीचा जेमतेम चतकोर. तो चतकोर तेरा टनांत मिसळला आहे, आणि १० ग्रॅम लगद्यावरून तो ओळखायचा आहे. नमुना घेताना बांधालगतच्या एकाच ओळीतले घड तोडले, किंवा शेजारच्या प्लॉटवरच्या फवारणीचा वारा लागलेली कड तेवढी टाळली, तर पुढची सगळी बारीक मोजणी फुकट जाते. नमुना चुकला की एलओक्यूला अर्थ राहत नाही, आणि नमुना काढणारा माणूस प्रयोगशाळेच्या कुठल्याही यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे हे मी ठासून सांगू इच्छितो.

द्राक्षाच्या अर्कातली साखर आणि आम्लं यंत्राच्या तोंडाशी औषधाच्या रेणूंना प्रभार घेऊ देत नाहीत. संकेत दबतो. म्हणून प्रमाणरेषा शुद्ध द्रावकात न काढता औषधमुक्त द्राक्षाच्याच अर्कात काढायची असते. द्राक्षाची प्रमाणरेषा डाळिंबाला लावता येत नाही. मग खात्रीसाठी यंत्रात मोडलेल्या एका रसायनाच्या रेणूचे दोन तुकडे तपासतात. ते दोन्ही तुकडे एकाच वेळी यावेत, ती वेळ प्रमाण द्रव्याच्या वेळेपासून ०.१ मिनिटापेक्षा ढळू नये, दोन शिखरांचं परस्पर प्रमाण ३० टक्क्यांपेक्षा हलू नये. एकच शिखर बघून ‘सापडलं’ म्हणणारी प्रयोगशाळा बागायतदाराचा बळी देते.

आणि मोजमाप-मर्यादा कागदावरच्या गणितानं ठरवून चालत नाही. औषधमुक्त द्राक्षात मुद्दाम ०.०१ मिलिग्रॅम औषध घालायचं, किमान पाच वेळा स्वतंत्रपणे संपूर्ण पद्धत करायची, आणि घातल्यातलं सरासरी ७० ते १२० टक्के परत मिळालं, पाचांतला विखुरलेपणा २० टक्क्यांच्या आत राहिला, तरच ०.०१ ही आपली मर्यादा म्हणून लिहायची. युरोपच्या मार्गदर्शक तत्त्वांत हेच आहे आणि मला हीच वाट सरळ वाटते. वरच्या उदाहरणातली ३.३ मायक्रोग्रॅमची गणिती मर्यादा प्रत्यक्षात करून दाखवली नसेल, तर तो अंदाज आहे.

शून्याचा आग्रह धरणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. जेम्स मार्शनं १८३६ साली सोमलाची चाचणी काढली तेव्हा ती मिलिग्रॅमचा पन्नासावा भाग पकडायची, आणि विषप्रयोगाचे खटले तिनं पालटले. १९५७ साली जेम्स लव्हलॉकनं इलेक्ट्रॉन पकडणारा शोधक बनवला आणि डीडीटीसारख्या क्लोरीनयुक्त रसायनांचे लेश जिथं तिथं दिसू लागले. ते त्या वर्षी तिथं आले नव्हते. दिसू त्या वर्षी लागले. १९५८ च्या अमेरिकन कायद्यातल्या डिलेनी कलमानं कर्करोगकारक द्रव्य अन्नात अजिबात मिसळू नये असं म्हटलं होतं. शोधक जसजसे तीक्ष्ण झाले तसतसं त्या ‘अजिबात’चं मोजमाप बदलत गेलं, आणि शेवटी १९९६ साली कीडनाशकांना त्या कलमातून बाहेर काढून जोखमीवर आधारलेली कसोटी लावावी लागली. युरोपनं १९८० साली पिण्याच्या पाण्यात एका कीडनाशकाला लिटरमागं ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली, तीही त्या काळच्या शोधमर्यादेच्या आसपासचा, शून्याच्या जागी ठेवलेला आकडा होता. २००३ साली आपल्याकडं शीतपेयांतल्या कीडनाशकांवरून देश ढवळून निघाला आणि शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संसदेची संयुक्त समिती बसली. त्या वादात हाच युरोपी आकडा मोजपट्टी म्हणून पुढं आला होता. त्या बातम्या वाचणाऱ्या किती जणांना तो आकडा कुठून आला हे कुणी सांगितलं असेल?

आकड्याच्या भोवती अनिश्चितता असते. रिपोर्टवर ०.०१२ आलं आणि मर्यादा ०.०१ आहे, तर बागायतदार हताश होतो. युरोपात सरकारी कारवाई करताना अशा मोजणीत ५० टक्के अनिश्चितता धरतात. ०.०१२ मधून निम्मं वजा केलं तर ०.००६ उरतं, ते मर्यादेच्या खाली आहे, म्हणून सरकारी पातळीवर तो भंग ठरत नाही. पण खरेदीदार सरकार नसतो. जर्मनीतल्या काही सुपरमार्केट साखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एक-तृतीयांशाच्या वर काही नको म्हणतात, मालात एकूण किती रसायनं चालतील तेही ठरवतात. अशा खरेदीदारासाठी प्रयोगशाळेची मोजमाप-मर्यादा कायद्याच्या मर्यादेइतकी असून भागत नाही, तिच्या बरीच खाली हवी. माल कुणाला द्यायचा आहे हे नमुना पाठवतानाच प्रयोगशाळेला सांगावं.

सांगली-तासगावच्या बेदाण्यात वेगळीच अडचण. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. पाणी उडून जातं, न उडणारं औषध मागं राहतं आणि किलोमागं चौपटीपर्यंत दाटतं. ताज्या द्राक्षात ०.००५ म्हणून बीएलक्यू आलेलं रसायन बेदाण्यात ०.०२ होऊन उघडं पडू शकतं. द्राक्षाचा रिपोर्ट दाखवून बेदाणा विकायला निघालेल्या माणसानं हे लक्षात ठेवावं. हळदीत पातळी अगदीच निराळी. शिशासाठी आपल्या अन्नसुरक्षा नियमांत हळदीला किलोमागं १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, कीडनाशकाच्या ०.०१ च्या हजारपट. तरी तिथंही खालपर्यंत दिसणारी पद्धत हवी, कारण शिसं रोजच्या फोडणीतून थोडं थोडं साठत जातं. घरी हळदीवर आम्लाचे थेंब टाकून रंग बघतात, पाणी घातल्यावरही गुलाबी रंग टिकला तर मेटॅनिल यलो या रंगाची भेसळ समजतात. तीसुद्धा पद्धतच आहे. तिची शोधमर्यादा म्हणजे बघणाऱ्याचा डोळा आणि खोलीतला उजेड. रंग आला नाही म्हणून हळद शुद्ध ठरत नाही.

प्रयोगशाळांविषयी माझी एक स्पष्ट तक्रार आहे. नुसतं ‘एनडी’, म्हणजे आढळलं नाही, असं लिहून दिलेले रिपोर्ट अजून फिरतात. शेजारी आकडा नाही, पद्धतीचं नाव नाही, कोणकोणती रसायनं पाहिली त्याची यादी नाही. असा रिपोर्ट पैसे देऊन घेऊ नये. ‘०.०१ पेक्षा कमी’ असं लिहिलेला कागद आणि ‘एनडी’ लिहिलेला कागद यांत दुसरा जास्त स्वच्छ वाटतो, आणि तो जास्त स्वच्छ वाटतो हीच अडचण आहे. ज्या प्रयोगशाळेची मर्यादा ०.०५ आहे तिच्याकडं माल हमखास ‘क्लिअर’ येतो. तिच्याकडं गर्दी होते. जी प्रयोगशाळा कष्टानं ०.००५ पर्यंत पोचली तिच्याकडं आकडे निघतात आणि ती बदनाम होते. बागायतदारांनी ही गोष्ट उलटी केली पाहिजे. जिला जास्त बारीक दिसतं, तिच्याकडं आधी जावं. आकडा तोडणीपूर्वी आपल्याला कळला तर अजून आठ दिवस थांबता येतं, दुसरी बाजारपेठ शोधता येते. तोच आकडा रॉटरडॅमच्या बंदरात कळला तर काहीच हाती राहत नाही.

पुस्तकाची मांडणी कामाच्या क्रमानं आहे. नमुना कसा काढायचा हे पहिल्या प्रकरणात, कारण तिथंच जास्त बिघडतं. मग अर्क, यंत्र आणि प्रमाणरेषा. शोधमर्यादेचं गणित चौथ्या प्रकरणात आहे. त्याला बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार आणि वर्गमूळ एवढंच लागतं, दहावी झालेल्या कुणालाही ते वहीवर करता येईल. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी करींच्या तीन रेषांची सिद्धता परिशिष्टात दिली आहे. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी सहावं प्रकरण जरूर वाचावं. कोणतं औषध कोणत्या पद्धतीला दिसतं आणि कोणत्या पद्धतीला दिसत नाही, याचा तक्ता तिथं आहे, आणि औषधाची बाटली हातात देताना त्याविषयीचा सल्ला तेच देऊ शकतात. शेवटच्या प्रकरणात रिपोर्टचा एक कोरा नमुना छापला आहे. प्रत्येक रकान्याखाली प्रयोगशाळेला विचारायचा प्रश्न लिहिला आहे. ते पान फाडून खिशात ठेवायलाच केलं आहे, म्हणून त्याच्या मागची बाजू कोरी सोडली.